शिव्या नकोत, यादी उघडा: आपल्या सोसायटीतलं मतदान वाढवायचं तर

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघातून रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. त्यांना ४,५२,६४४ मतं पडली, अमोल कीर्तिकरांना ४,५२,५९६. त्याच मतदारसंघात यादीत नाव असलेल्या सात लाखांहून जास्त लोकांनी त्या दिवशी मतदान केंद्राचं तोंड पाहिलं नाही. एखाद्या टॉवरची एक विंग जरी खाली उतरली असती, तरी खासदार कोण हे कदाचित वेगळं ठरलं असतं, नाहीतर तेच ठरलं असतं पण ठामपणे.

हे आकडे सोसायटीच्या ग्रुपवर टाकून बघा. दोन अंगठे येतील, एक हात जोडलेला येईल आणि पुढच्या निवडणुकीला तीच माणसं लोणावळ्याहून भज्यांचे फोटो टाकतील. मग कोणीतरी चिडून लिहितं, 'मत न देणाऱ्यांनी खड्ड्यांबद्दल बोलू नये.' त्यावर भांडण होतं, अ‍ॅडमिन ग्रुप बंद करतो. ही चिडचिड मला पुरेपूर ठाऊक आहे. तिच्यातून एकही मत वाढत नाही, हेही.

नोव्हेंबर २०२४च्या विधानसभेला राज्यात ६६ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. कोल्हापूरच्या करवीरमध्ये ते ८४ टक्क्यांच्या वर गेलं, आणि मुंबईतल्या कुलाब्यात ४४-४५ टक्क्यांवर अडकलं. करवीरचे लोक जन्मतः जास्त देशभक्त आहेत असं मला वाटत नाही. तिथे भावकी आहे, प्रत्येक वाडीत कार्यकर्ता आहे, कोण आलं नाही हे दुपारी दोनला माहीत असतं आणि कोणीतरी दारात येऊन म्हणतं, 'आबा, चला की.' शहरात हे म्हणणारं कोणी नाही. शिवाय मत न देणाऱ्यांत खरोखर मन उडालेले थोडेच असतात. बाकीचे जुन्या पत्त्यात अडकलेले, यादीतून नाव उडालेले, रांगेला घाबरलेले, नाहीतर सुट्टी न मिळालेले. त्यांना उपदेश करून काय होणार? त्यांचं काम करून द्यावं लागतं.

ते काम एका इमारतीपुरतं कसं करायचं, ते पुढे क्रमानं लिहिते आहे. सुरुवात मतदानाच्या किमान तीन-चार महिने आधी करा. आचारसंहिता लागल्यावर जाग आली तर निम्मं काम हातातून गेलेलं असतं.

पहिलं काम: यादी मिळवा आणि कागदावर आणा

राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर विधानसभा मतदारसंघनिहाय, भागनिहाय मतदार यादी मोफत मिळते. जिल्हा निवडा, मतदारसंघ निवडा, मग भाग क्रमांक, म्हणजे यादीच्या ज्या तुकड्यात आपल्या वस्तीची नावं येतात त्याचा क्रमांक. आपला भाग क्रमांक माहीत नसेल, तर आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर एखाद्या शेजाऱ्याच्या ओळखपत्राचा क्रमांक टाका. भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि केंद्राचा पत्ता हे तिन्ही समोर येतात.

इथे पहिला धक्का बसतो. मोठ्या सोसायटीचे ए आणि बी विंग एका भागात, सी विंग दुसऱ्या भागात, असं सर्रास असतं. कधी एकाच घरातला नवरा एका शाळेत आणि बायको दुसऱ्या शाळेत. शेजारच्या दोन-तीन भागांच्या याद्याही काढून ठेवा, आपली हरवलेली माणसं बहुतेक तिथेच सापडतात.

यादी स्क्रीनवर वाचत बसू नका. फाइलमध्ये नाव शोधायला गेलं तर बऱ्याचदा सापडत नाही, कारण पानं चित्राच्या स्वरूपात असतात. छापून घ्या, आणि शेजारी सोसायटीच्या सभासदांचं रजिस्टर ठेवा. पेन्सिल, पट्टी आणि नावं जुळवायला बसणारी दोन माणसं, एवढं पुरे. आडनाव 'कुलकर्णी'चं 'कुळकणी' झालेलं असेल, घर क्रमांकाच्या जागी शून्य असेल. प्रत्येक फ्लॅटपुढे खूण करा: नाव आहे, नाव चुकलंय, नाव नाही. आणि चौथी खूण, जी लोक विसरतात: नाव आहे पण माणूस इथे राहत नाही.

ही चौथी खूण महत्त्वाची का, ते सांगते. मतदानाचा टक्का यादीतल्या एकूण नावांवर काढला जातो. त्यात वारलेले आजोबा, बंगळुरूला गेलेला मुलगा आणि फ्लॅट विकून गेलेलं कुटुंब सगळे मोजले जातात. म्हणजे टक्का जितका वाईट दिसतो, तितके लोक वाईट असतीलच असं नाही.

एक पथ्य मात्र पाळा. ही यादी कोणालाही मिळते, तरी तिचे फोटो काढून ग्रुपवर फिरवू नका. त्यात वय आहे, घर क्रमांक आहे, नात्याचं नाव आहे. कागद एकाच माणसाकडे राहू द्या.

दुसरं काम: दारोदार, पण जोडीनं

येल विद्यापीठाच्या अ‍ॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन या दोन राज्यशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात एक मोठा प्रयोग केला होता. काही मतदारांना पत्रं पाठवली, काहींना फोन केले, काहींच्या घरी माणसं पाठवली. मतदान ठळकपणे वाढलं ते प्रत्यक्ष भेटलेल्यांचं, फोनचा उपयोग झाला नाही. अमेरिका दूर राहिली, पण सोसायटीचा पाण्याचा प्रश्न ग्रुपवर सुटतो की सेक्रेटरी दारात उभा राहिल्यावर, हे ज्याला माहीत आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

जोडीत एक ओळखीची बाई असावी, हळदीकुंकवाला सगळ्या घरी गेलेली. दुसरी व्यक्ती कॉलेजातली, मोबाइलवर झटपट फॉर्म भरणारी. एकटा पुरुष हातात यादी घेऊन आला की लोकांना तो पक्षाचा वाटतो. वेळ संध्याकाळी साडेसातच्या पुढची, जेवणाआधीची. रविवारी सकाळी कोणी धड बोलत नाही. गणपतीचे दिवस यासाठी उत्तम. मंडपाशेजारी एक टेबल, एक लॅपटॉप आणि 'नाव तपासून घ्या' अशी पाटी ठेवली की आरतीला आलेली माणसं आपणहून थांबतात.

दारात विचारायचं ते थोडकं. घरात अठरा पूर्ण झालेले कोण कोण? प्रत्येकाचं नाव कुठल्या पत्त्यावर आहे? चालायला किंवा दिसायला त्रास असलेलं कोणी आहे का? बस. मत कोणाला, गेल्या वेळी दिलं का, हे विचारायचं नाही. समोरच्यानं स्वतःहून राजकारण काढलं तर हसून पुढच्या दाराकडे वळायचं.

या फेरीत काही माणसं हमखास निसटतात. लग्न होऊन आलेल्या सुना, ज्यांचं नाव अजून माहेरच्या गावी असतं. नुकतेच अठरा झालेले. आणि भाडेकरू. 'आम्ही काय, अकरा महिन्यांचे' म्हणून ते स्वतःला मोजतच नाहीत, आणि सोसायटीही त्यांना मोजत नाही. पण कायदा मालकी विचारत नाही. माणूस सर्वसाधारणपणे जिथे राहतो तिथे त्याची नोंदणी होऊ शकते. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यालाही आपलं नाव तिथे नोंदवता येतं.

वॉचमन, घरकाम करणाऱ्या ताई, लिफ्टवाले यांनाही विचारा. बहुतेकांचं नाव गावी असेल: मराठवाड्यात, कोकणात, उत्तर प्रदेशात. नाव इथे आणायचं की तिथेच ठेवायचं, हा त्यांचा निर्णय. दोन ठिकाणी ठेवता येत नाही, एवढं मात्र स्पष्ट सांगा. गावच्या ग्रामपंचायतीत त्यांच्या मताला वजन असतं, घरकुल आणि पाणंद रस्ता तिथे ठरतो. 'इथे आणा' असा आग्रह आपण धरू नये.

तिसरं काम: फॉर्म

फॉर्मांबद्दल खूप गोंधळ आहे. खरं तर लक्षात ठेवायचे आकडे थोडेच.

फॉर्म ६ फक्त नव्या नोंदणीसाठी. ज्याचं नाव देशात कुठेही यादीत नाही, त्याच्यासाठी. घर बदललेल्या माणसानं फॉर्म ६ भरला की नाव दोन ठिकाणी होतं आणि तो दुबार मतदार ठरतो. खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.

फॉर्म ८ सगळ्यात कामाचा. पत्ता बदलला (त्याच मतदारसंघात असो की दुसऱ्या), नाव-वय-फोटो चुकला, ओळखपत्र हरवलं, दिव्यांग असल्याची नोंद करायची आहे, या सगळ्याला हाच. पूर्वी त्याच मतदारसंघातल्या पत्ताबदलाला ८अ नावाचा वेगळा फॉर्म होता, तो २०२२ मध्ये गेला. सोसायटीतलं बरंचसं काम फॉर्म ८चंच निघतं.

फॉर्म ७ नाव वगळण्यासाठी. इथे हात आखडता ठेवा. घरातलं माणूस गेलं असेल तर कुटुंबानंच, मृत्यूच्या दाखल्यासह, तो भरावा. आपण फक्त आठवण करायची, तीही तेराव्यानंतर. 'हे इथे राहत नाहीत' म्हणून सेक्रेटरीनं गठ्ठ्यानं फॉर्म ७ भरणं मला अजिबात मान्य नाही. कोण परत येणार, कोण सहा महिन्यांसाठी लेकीकडे गेलंय, हे आपल्याला नेमकं माहीत नसतं, आणि चुकून उडालेलं नाव मतदानाच्या सकाळी परत येत नाही.

परदेशी असलेल्यांसाठी फॉर्म ६अ. भारतीय नागरिकत्व टिकलेलं हवं. पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागतं, आणि मत द्यायला पासपोर्ट घेऊन प्रत्यक्ष इथे यावं लागतं. दुबईतून किंवा न्यू जर्सीतून बटण दाबायची सोय अजून नाही.

फॉर्म ऑनलाइन भरता येतात किंवा बीएलओकडे देता येतात. बीएलओ म्हणजे आपल्या भागाचा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. बहुधा जवळच्या शाळेतल्या बाई किंवा अंगणवाडी सेविका असतात, आणि हे काम त्या स्वतःचं काम सांभाळून जादा म्हणून करतात. त्या तपासणीला आल्या आणि वॉचमननं 'साहेब नाहीत' म्हणून गेटवरून परत पाठवलं, तर अर्ज तिथेच लटकतो. गेटवर सूचना लिहून ठेवा, आणि त्यांना चहापाणी विचारा. अर्जाचा संदर्भ क्रमांक वहीत लिहा आणि पंधरा दिवसांनी स्थिती बघा. अर्ज फेटाळला जातो तो बहुतेक पत्त्याच्या पुराव्यावरून किंवा धूसर फोटोवरून, आणि दुरुस्त करून परत भरता येतो. काही अडलं तर १९५० हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

पात्रतेच्या तारखा आता वर्षातून चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. बारावीच्या निकालाच्या धांदलीत हे राहून जातं, म्हणून सतरा पूर्ण होताच भरून टाकलेलं बरं.

शेवटची मुदत नीट समजून घ्या. लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत आलेले अर्जच त्या निवडणुकीच्या यादीत जातात. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद यांचं गणित वेगळं आहे. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि विधानसभेचीच यादी प्रभागांत तोडून वापरतो, पण एका ठरावीक तारखेची. जानेवारी २०२६च्या महापालिका निवडणुकांना १ जुलै २०२५ची यादी धरली होती. म्हणजे ऑगस्टमध्ये हौसेनं नोंदणी केलेली मुलगी जानेवारीत ओळखपत्र हातात घेऊनही मत देऊ शकली नाही. ही गोष्ट आधी कळली नाही की पोरं कायमची वैतागतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

त्याच निवडणुकांत यादीतल्या संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले होते. असे तारे आपल्या कोणाच्या नावापुढे दिसले, तर घाबरायचं नाही. कुठल्या केंद्रावर मत देणार ते कळवायचं आणि मागतील तसं हमीपत्र द्यायचं.

२०२५च्या अखेरीपासून गोव्यासह बारा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं. त्यात घरी येणारा गणना फॉर्म भरून परत देणं हेच नाव टिकवण्याचं पहिलं पाऊल असतं. अशी मोहीम आपल्या भागात आली, की बाकीची सगळी कामं बाजूला ठेवा.

केंद्र जवळ आणता येतं का?

येतं. विधानसभा २०२४ला राज्यात गृहसंकुलांच्या आवारात हजाराहून जास्त मतदान केंद्रं उघडली होती. केंद्रांची फेररचना होते तेव्हा, म्हणजे यादीचं प्रारूप निघण्याआधी, मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे सोसायटीच्या ठरावासह पत्र द्यावं लागतं. तळमजल्यावरचा हॉल, येण्या-जाण्याची स्वतंत्र वाट, रॅम्प, वीज, स्वच्छतागृह हवं. मग बाहेरचे मतदारही आपल्या आवारात येणार. यावर सर्वसाधारण सभेत 'सिक्युरिटीचं काय' म्हणून एक आजोबा तासभर बोलतील. बोलू द्या, ठराव शेवटी होतो.

ज्यांचं मनच नाही त्यांच्याशी

नाव आहे, केंद्र जवळ आहे, तरी जायचं नाही, असे थोडे लोक उरतात. त्यांच्याशी वाद घालण्यात मजा वाटते, म्हणून आपण सगळा जोर तिथेच लावतो. सगळ्यात कमी वेळ इथे द्यावा असं माझं मत आहे. तरी काही उत्तरं तयार असू द्यावीत.

'माझ्या एका मतानं काय होतंय?' यावर आकडेच सांगा. विधानसभा २०२४ला मालेगाव मध्यची जागा १६२ मतांनी ठरली, साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी आले, बेलापूरमध्ये मंदा म्हात्रे ३७७ मतांनी. आणि २०१७च्या मुंबई महापालिकेत गिरगावच्या प्रभाग २२० मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना अगदी सारखी मतं पडली. शेवटी चिठ्ठी काढावी लागली आणि शहा नगरसेवक झाले. त्या प्रभागात त्या दिवशी दुपारी झोपलेल्या माणसाला चिठ्ठीची गोष्ट कशी वाटली असेल?

'सगळे सारखेच चोर.' असेलही. त्यासाठी २०१३ पासून नोटा, म्हणजे 'यांपैकी कोणीही नको' हे बटण आहे. पण नोटाबद्दल खोटी आशा दाखवू नका. लोकसभा-विधानसभेत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याच्या खालोखालचा उमेदवार निवडून येतो. स्थानिक निवडणुकांसाठी मात्र महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला की नोटा पहिल्या क्रमांकावर आला तर ती निवडणूक पुन्हा घ्यायची. म्हणजे चिडलेल्या माणसाच्या हातात खरं हत्यार आहे ते वॉर्डाच्या निवडणुकीत. आणि नेमकी तीच निवडणूक तो सोडून देतो.

'नगरसेवकाचा आपल्याला काय उपयोग?' या प्रश्नाचं उत्तर मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ या काळानं दिलंय. मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांत त्या काळात निवडून आलेलं कोणीच नव्हतं, प्रशासक कारभार बघत होते. गटार तुंबलं, टँकर आला नाही, फुटपाथ खणून तसाच राहिला, की जायचं कोणाकडे? वॉर्ड ऑफिसात अर्ज देऊन परत यायचं. विचारा, तेव्हा कोणाचा नंबर लावत होतात?

'सुट्टी नाही.' लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब नुसार लोकसभा-विधानसभेच्या मतदानाला पगारी सुट्टी देणं मालकावर बंधनकारक आहे, रोजंदारीवरच्यांनाही. न दिल्यास दंड पाचशे रुपयांपर्यंत, त्यामुळे धाक किती ते समजा. पण पगार कापायचा नाही हे कायद्यात लिहिलेलं आहे, आणि एचआरला एक साधी मेल टाकली की बहुतेक ठिकाणी काम होतं. आता आरसा आपल्याकडेही वळवा: घरी स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंना त्या सकाळी सुट्टी दिली का? मतदान जागृतीवर भाषण देणाऱ्या घरातही मी त्या दिवशी 'आज लवकर ये गं, आम्हाला मतदानाला जायचंय' असं ऐकलंय.

काय करू नये, तेही सांगते. मत न देणाऱ्यांची नावं नोटीस बोर्डावर लावणं, मेंटेनन्समध्ये सवलत किंवा दंड असले ठराव करणं, ग्रुपवर शाईच्या बोटाचा फोटो सक्तीचा करणं. यानं माणूस ओशाळत नाही, चवताळतो. मत द्यायचं की नाही हा शेवटी त्याचा अधिकार आहे, आणि आजारपण किंवा घरातली एखादी गोष्ट तो तुम्हाला सांगायला बांधील नाही.

त्यापेक्षा एक साधा प्रश्न विचारा: 'काका, किती वाजता जाणार? कोणाबरोबर?' 'बघू' म्हणणाऱ्याला 'साडेसातला खाली या, आम्ही चौघं निघतोय' म्हणा. वेळ ठरली की माणूस निघतो.

पक्षाला मात्र दूर ठेवा. या कामाला कुठल्याही उमेदवाराचा खर्च, स्लिपांवर त्याचं चिन्ह, त्याची गाडी, काही नको. निवडणुकीच्या तोंडावर आवारात अचानक पेव्हर ब्लॉक बसायला लागतात, गेटला रंग लागतो. तो व्यवहार कमिटीनं काय करायचा तो करावा, पण मतदार नोंदणीच्या टेबलाशी त्याचा संबंध आला की निम्मी सोसायटी तुमच्यापासून दूर गेली म्हणून समजा.

ज्येष्ठ आणि दिव्यांग

लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देता येतं. त्यासाठी फॉर्म १२ड, निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत. पाच दिवस म्हणजे डोळ्यांचं पातं लवेपर्यंत संपतात, तेव्हा अशा घरांची यादी आधीच तयार हवी. एकदा घरून मत द्यायचं ठरलं की मग केंद्रावर जाता येत नाही. ज्यांना जायचंच आहे (आणि बऱ्याच आजींना जायचंच असतं, नवं लुगडं नेसून) त्यांना रांगेत उभं राहावं लागत नाही, आणि केंद्रावर व्हीलचेअरची सोय असते. त्यांना न्यायला शेजाऱ्याची गाडी किंवा स्वखर्चाची रिक्षा ठरवा.

मतदानाचा दिवस

आदल्या संध्याकाळी प्रत्येक दारात चिठ्ठी पोचवा: नाव, भाग क्रमांक, अनुक्रमांक, केंद्र, खोली क्रमांक. ही चिठ्ठी ओळखपत्र नव्हे, सोबत मतदार ओळखपत्र हवंच. ते नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, फोटोसह पेन्शनची कागदपत्रं यांपैकी काहीही चालतं. मात्र यादीत नावच नसेल, तर कुठल्याही कार्डानं मत देता येत नाही.

यावरून एक इशारा. दर निवडणुकीला एक मेसेज फिरतो की यादीत नाव नसेल तर आधार दाखवून 'चॅलेंज व्होट' मागा, आणि अमुक टक्के 'टेंडर व्होट' पडले तर फेरमतदान होतं. दोन्ही खोटं आहे. खरं असं आहे: तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल, तर केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत (हेच ते 'टेंडर व्होट') मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. ओळख पटवल्यावर ते मत यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर घेतात आणि वेगळ्या पाकिटात ठेवतात. परत फिरू नका, ते मागा. आणि नावापुढे 'स्थलांतरित' किंवा 'अनुपस्थित' असा शेरा असला, तरी ओळख पटवून मत देता येतं.

लोकसभा-विधानसभेला वेळ साधारण सकाळी ७ ते संध्याकाळी ६ असते, जानेवारी २०२६च्या महापालिकेला ती साडेसात ते साडेपाच होती. संपायच्या वेळी जो रांगेत आहे त्याचं मत घेतलंच जातं, म्हणून पाचला पोचून लांब रांग बघून माघारी येऊ नका. उलट पहिल्या तासाभरात जाणं सगळ्यात चांगलं. २० मे २०२४ला मुंबईतल्या अनेक केंद्रांवर उन्हात तासन्‌तास रांगा सरकत नव्हत्या. त्या रांगेतून परत गेलेल्याला उदासीन म्हणणं मला तरी जमत नाही. पाण्याची बाटली, टोपी आणि सोबत, एवढं आपण देऊ शकतो.

मोबाइल घरी ठेवा, किंवा बाहेर कोणाकडे तरी सोपवा. फोन आत नेता येत नाही हे गेटवर कळलं की एकटा आलेला माणूस अडकतो. म्हणून चार-पाच जणांच्या टोळीनं गेलेलं बरं, एक जण बाहेर थांबतो.

मुंबई सोडून बाकीच्या महापालिकांत प्रभाग बहुसदस्यीय असतात. चार जागा असतील तर चार मतं द्यायची: अ, ब, क, ड. एक बटण दाबून लोक निघतात आणि यंत्र अडून बसतं. बाकीच्या जागांवर कोणी पसंत नसेल तर तिथे नोटा दाबा, पण सगळी मतं पूर्ण करा. हे आदल्या दिवशी आजी-आजोबांना कागदावर चौकोन काढून समजावून सांगा. विधानसभेला कागदी पावती सात सेकंद काचेआड दिसते, ती बघायची त्यांना सवय झालेली असते. स्थानिक निवडणुकीत ती दिसली नाही, तर 'माझं मत गेलंच नाही' म्हणून ते घाबरतात.

सोसायटीच्या गेटवर, केंद्रापासून लांब, एक खुर्ची टाका. परतणाऱ्याच्या नावापुढे टिक करा. कोणी स्वतःहून सांगितलं तरच, बोटं तपासत बसू नका. दुपारी एकला यादी बघा. सकाळी 'येतो' म्हणालेले आणि अजून न गेलेले कोण? त्यांच्या दारात एकदा जा, आणि एकदाच. जेवून झोपलेल्या माणसाला चारला उठवायचं काम त्याच्या घरच्यांवर सोडा.

दुसऱ्या दिवशी

ज्यांचं नाव सापडलं नाही, ज्यांचं केंद्र भलतीकडे निघालं, ज्यांच्या कार्डावर वडिलांच्या जागी सासऱ्यांचं नाव आहे, अशांची वहीत नोंद करा आणि त्याच आठवड्यात फॉर्म भरा. लोक चिडलेले असतात तेव्हाच कागदपत्रं हातात देतात, महिन्यानं मागितली तर कपाट उघडायचा कंटाळा येतो.

लोकसभा-विधानसभेनंतर केंद्रनिहाय मतांचा फॉर्म २० मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर येतो. त्यात आपल्या केंद्रावर एकूण किती मतं पडली ते दिसतं. यादीतल्या नावांशी तो आकडा ताडून बघा आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत फक्त तेवढाच वाचा, कोणत्या पक्षाला किती ते नको. वही मात्र सेक्रेटरीच्या कपाटात, सभासद रजिस्टरच्या शेजारी ठेवा. कमिटी बदलली की चाव्या आणि चेकबुकाबरोबर तीही नव्या सेक्रेटरीच्या सहीनं ताब्यात द्यायची, असा ठराव करून घ्या.